अकरा भाकऱ्यांचा तक्ता

मित्रांनो, भिंतीला चार खिळे ठोकून लावलेला, कडा कुरतडलेला हा जुना तक्ता म्हणजे मी. वय वाढलं की राग निवतो, असं माणसं म्हणतात. माझा निवलेला नाही. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसऱ्या कुणाला विचारा. माझ्यावर जे बेतलं ते मी रागानेच सांगणार.

मी मूळचा इंदापूरच्या एका वह्या-पुस्तकांच्या दुकानातला पांढरा, जाड कागद. शाळेतली मुलं मला कार्डशीट म्हणतात. १९९७ सालच्या जानेवारीत दिपाली नावाच्या मुलीने मला विकत घेतलं. माझी गुंडाळी करून तिला रबर लावलं आणि एसटीत दोन्ही गुडघ्यांमध्ये मला उभं धरून ती पळसदेवजवळच्या आपल्या वस्तीवर घेऊन आली. आठवीतली पोर, अंगाने काटकुळी. पण बोटांत चित्रकला होती. माझ्यावर पहिली रेघ ओढण्याआधी तिने मला ओल्या हाताचा डाग पडू नये म्हणून हात तीनदा पुसले. तेवढा मान मला पुन्हा फारसा मिळाला नाही.

पण माझ्यावर काय रंगवलं गेलं ते कळायचं असेल, तर आधी त्या घरात काय घडलं होतं ते ऐका. मी ते पाहिलेलं नाही. पुढे ह्याच घरात राहून माणसांच्या तोंडून ऐकलं.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. दिपालीची आई फुलाबाई गोठ्यात यंत्रावर कडबा कुट्टी करत होत्या. पेंढी अडकली. त्यांनी ती हाताने पुढे रेटली, आणि उजव्या हाताची तीन बोटं गेली. दवाखान्यातून त्या घरी आल्या तेव्हा हात खांद्यापर्यंत फडक्यात बांधलेला होता. त्या हाताने आता भाकरी थापली जाणार नव्हती.

दिपालीचे वडील मोहनराव. धरणाच्या पाण्यावर वांगी, भेंडी पिकवायची आणि इंदापूरच्या बाजारात न्यायची, हे त्यांचं काम. वाईट माणूस नव्हे. फुलाबाईंना दवाखान्यात नेताना रडले होते. पण घरी आल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "दिपे, आयचा हात बरा होईस्तवर शाळा ऱ्हाऊ दे. पोटाला तर लागतंय न्हवं?"

गेलेली बोटं बरी कशी होणार, हे एकाही माणसाने विचारलं नाही! मला इथूनच राग येतो.

बावीस दिवस दिपाली शाळेत गेली नाही. सकाळी अकरा भाकऱ्या, संध्याकाळी नऊ. मध्ये धुणं, भांडी, आईची वेणीफणी. तिचा थोरला भाऊ विशाल तेव्हा सतरा वर्षांचा होता, इंदापूरला अकरावीत. त्याचं कॉलेज दुपारचं. एका सकाळी तो चहा मागायला चुलीपाशी आला, तर दिपाली आपल्या वहीची कोरी पानं फाडून चुलीत घालत होती.

"कोरी कशाला फाडतीस? लिवलेली फाड की."

"लिवलेली वाचता तरी येत्यात," दिपाली म्हणाली. "कोऱ्यावर आता लिवायचं कुणाला हाय?"

विशाल चहा न पिता बाहेर गेला. मोहनराव अंगणात वांगी भरत होते. तो त्यांच्यापुढे उभा राहिला.

"आण्णा, सकाळच्या भाकरी उद्यापास्नं मी करतो. दिपी शाळंत जाईल."

"खुळा झालास काय? गावात तोंड दावायचं हाय मला."

तेव्हा ओट्यावर ऊन खात बसलेले रावजीआबा बोलले. हे विशालचे आजोबा. त्यांची मेंढरं होती तेव्हा त्यांनी उभा मुलूख पायाखाली घातला होता. पुढे चराईचे माळ धरणाखाली गेले, कळप विकला, आणि माणूस शेतकरी झाला.

"मोहन," आबा म्हणाले, "बावीस वर्सं मेंढरांमागं हिंडलो मी. बाया तळावर मागं ऱ्हायच्या आन् आमी पाच गडी फुडं. तितं भाकरी कोण थापत व्हतं? मेंढरं थापत व्हती व्हय?"

मोहनरावांनी पाटी उचलली आणि ते मळ्याकडे निघून गेले. घरातल्यांनी तोच होकार धरला.

दुसऱ्या दिवसापासून आबा चुलीपाशी बसले आणि नातवाला शिकवू लागले. पीठ परातीत, मध्ये खळगा, त्यात चटका बसेल एवढं गरम पाणी. विशालने सगळं पाणी एकदम ओतलं आणि पिठाची खळ झाली. दुसऱ्यांदा पीठ कोरडं राहिलं. थापायला घेतलं तर त्याने असे धपाटे घातले की परात उडाली.

"थाप रं, मारू नगंस," आबा म्हणाले. "पिठासंगं आपलं वैर न्हाय."

पहिल्या दिवशीच्या भाकऱ्या मधे जाड, कडेला फाटक्या. मोहनरावांनी त्या मुकाट्याने खाल्ल्या. विशालच्या तळहाताला तव्याचा चटका बसला, त्याचा डाग अजून आहे. पाचव्या दिवशी तव्यावरची भाकरी त्याने पाणी फिरवून उलटली, मग काढून चुलीतल्या निखाऱ्यांच्या आरापुढे उभी लावली, आणि ती टम्म फुगली.

"आबा, फुगली! आय, बग, फुगली!"

फुलाबाई हसल्या. हात गेल्यापासून पहिल्यांदा. आणि हसता हसताच त्यांनी तोंडाला पदर लावला.

त्याच दिवशी दिपाली दप्तर घेऊन शाळेत गेली. सकाळची चूल विशालची, संध्याकाळची तिची, असं ठरलं. घर चालू लागलं.

आता माझी वेळ आली. दिपालीच्या शाळेत संजीवनीबाई कार्यानुभव शिकवत. जानेवारीच्या शेवटी इंदापूरला तालुक्याच्या शाळांचं प्रदर्शन भरणार होतं. बाईंनी वर्गाला तक्त्यांचे विषय वाटून दिले. ठिबक सिंचन, ट्रॅक्टर, साखर कारखाना हे मुलांना. एक विषय उरला तो दिपालीला: 'घरच्या घरी स्वयंपाक शिकू या'.

रविवारी दुपारी दिपालीने मला घराच्या जमिनीवर पसरलं आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. वर निळ्या रंगात शीर्षक लिहिलं. डाव्या बाजूला पाच छोटी चित्रं काढली: पीठ घेणं, मळणं, थापणं, तव्यावर पाणी फिरवणं, आरापुढे लावणं. उजवीकडे सूचना लिहिल्या, आणि त्या कुठल्या पुस्तकातल्या नव्हत्या. 'पाणी एकदम ओतू नका.' 'चटका बसला तर लपवू नका.' 'पहिली भाकरी बिघडली तर पीठ संपलेलं नसतं, दुसरी करा.' जाळाच्या पिवळ्या रंगासाठी तिने खरी हळद कालवली. कडेने डिंकाने ज्वारीचे दाणे आणि तुरीची डाळ चिकटवली. मी कोरा कागद होतो. त्या दुपारी मला घराचा वास लागला.

मधोमध मोठं चित्र होतं. चूल, चुलीपुढे मांडी घालून बसलेला विशाल, आणि शेजारी हात पुढे करून शिकवणारे आबा. विशाल हसत तासभर परात घेऊन बसला होता.

"नाक वाकडं काढलंस, दिपे."

"हायच वाकडं."

"ह्ये शाळंत लावणार न्हाईस न्हवं?"

दिपालीने मान वर केली नाही. "न्हाय. बाईंना दाखवून घरी आणती."

ते खोटं होतं. प्रदर्शनाचं तिला माहीत होतं. मित्रांनो, ही मुलगी माझी जन्मदाती आहे, पण मला तिचाही राग आहे. भाऊ उठून गेल्यावर तिने चित्राखाली सुबक अक्षरांत लिहिलं, 'माझा दादा विशाल भाकरी शिकतो. शिकवणारे : रावजीआबा.' अभिमानाने लिहिलं हे खरं. पण ज्याचं नाव लिहिलं त्याला विचारलं नाही.

कोपऱ्यात तिने आईचं चित्र काढायला घेतलं, तेव्हा फुलाबाई म्हणाल्या, "मला नगं काढूस." थोड्या वेळाने जवळ येऊन बसल्या. "काढ. पर हात पदराखाली काढ." दिपालीने तसंच काढलं.

सोमवारी मी शाळेत गेलो. संजीवनीबाई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. "दिपाली, हे खरंच घरी घडलं?" "व्हय बाई." बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मला व्हरांड्यात लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाहावं म्हणून.

पाहिलं सगळ्यांनी. आधी एक जण फिदीफिदी हसला, मग रांग लागली. "विशालबाई! विशालबाई!" काही पोरांनी तर माझ्यापुढे बसून भाकरी थापण्याची नक्कल केली. घरी ह्याच पोरांना दोन वेळचं ताट आयतं मिळत होतं. ते कोण करतं, किती वाजता उठून करतं, ह्याचा विचार त्यातल्या एकाच्याही डोक्यात आला नसेल.

बुधवारपर्यंत ते नाव इंदापूरच्या एसटी स्टँडवर पोचलं. कॉलेजला जाणाऱ्या गाडीत मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "विशालबाई, आज कालवण काय?" सगळी गाडी हसली. विशाल घरी आला तो चपला न काढता आत शिरला.

"माझं नाव बी घातलंस? खाली लिवून?"

दिपाली परातीतलं पीठ मळत राहिली.

"मी तुज्यासाठी बसलो चुलीपुढं. आन् तू माझा तमाशा मांडलास! उद्यापास्नं चूल तुजी. मी हात लावणार न्हाय."

त्याच संध्याकाळी डेअरीवर दूध घालताना मोहनरावांना एकाने विचारलं, "मोहनराव, सून आणली म्हनं? मिसरूडवाली?" मोहनराव घरी आले ते कॅन आपटत.

"झालं तेवढं बास. शनवारचं ते परदर्शन कर. नाव दिलंय म्हणून. सोमवारपास्नं घरी."

"आण्णा—"

"सांगितलं न्हवं!"

म्हणजे ज्या तक्त्यावर तिची शाळा वाचल्याची गोष्ट होती, त्याच तक्त्याने तिची शाळा गेली. मी तो तक्ता. माझं काही चुकलं नव्हतं, पण माझ्यामुळे झालं. असा राग कुणावर काढायचा, तुम्हीच सांगा.

आणि गुरुवारी माझ्यावरच हात पडला.

मुख्याध्यापक सर्जेरावसर व्हरांड्यातून जाताना माझ्यापुढे थांबले. त्यांनी मला उतरवलं, ऑफिसात टेबलावर पसरलं आणि संजीवनीबाईंना बोलावलं.

"बाई, हे तालुक्याला न्यायचंय आपल्याला? दुसऱ्या शाळांचे मुख्याध्यापक येणार. हसतील मला."

"सर, पण खरं आहे ते. त्या मुलाने खरोखरच—"

"खरं असेल. घरात काय करायचं ते करावं. स्वयंपाक मुलींचा विषय आहे, मुलींचं चित्र पाहिजे." त्यांनी भिंतीवरचं मागल्या वर्षीचं कॅलेंडर काढून पुढे टाकलं. त्यावर कुठल्याशा प्रेशर कुकरच्या जाहिरातीतली बाई होती. भरजरी साडी, केसांत गजरा, दात दाखवत हसणारी. "ही कापा आणि लावा. आणि तुमच्या नोकरीचा कागद संस्थेकडे जायचाय अजून, लक्षात आहे ना?"

बाईंची नोकरी कायम झालेली नव्हती. त्यांनी माझ्यावरचं विशालचं नाव पुन्हा एकदा वाचलं. मग त्यांनी कात्री घेतली.

मित्रांनो, थंडगार डिंक छातीवर ओतला गेला तेव्हा मला कळलं की कागदालाही गुदमरायला होतं. विशालचं तोंड, हात, परात, त्याचं नाव, सगळं त्या जाहिरातीखाली गेलं. बाईंनी मुठीने दाबून दाबून कडा चिकटवल्या. मग लाल शाईने शीर्षकाच्या आधी एक शब्द लिहिला. आता मी झालो, 'मुलींनो, घरच्या घरी स्वयंपाक शिकू या'.

मी ओरडू शकत नव्हतो. ओरडता आलं असतं तर शाळेची कौलं खाली आली असती.

शनिवारी इंदापूरच्या एका मोठ्या हॉलमध्ये मला दोरीला टांगलं. दिपाली आली. तिच्याबरोबर रावजीआबा होते. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका. नातीने आपलं चित्र काढलंय, ते त्यांना बघायचं होतं. दिपालीची नजर माझ्यावर पडली आणि ती जागीच थांबली. तिने वरचा लाल शब्द वाचला. मग त्या हसऱ्या बाईकडे बघत राहिली. सर्जेरावसर तिच्या कानाशी वाकले.

"परीक्षकांनी विचारलं तर आईने शिकवलं म्हणायचं. समजलं?"

दिपालीने मान हलवली. तिला वाटलं, नाही तरी सोमवारपासून शाळा नाहीच. आणि दादाचं तोंड झाकलं गेलं, त्याला तरी बरं वाटेल. असं सगळं तिने गिळलं. तिचा चेहरा मला समोरून दिसत होता. तेराव्या वर्षी इतकं गिळायला लावणाऱ्या त्या हॉलमधल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा मला संताप आला.

परीक्षक म्हणून आलेल्या बाई वयस्कर होत्या. त्यांनी चष्मा पुसून मला नीट पाहिलं. "सूचना फार छान आहेत गं. तुझ्या मनाने लिहिल्यास? आणि चुलीपुढची ही कोण?"

दिपालीने आबांकडे पाहिलं.

"सांग बाळ," सर म्हणाले.

"मला इचारा," आबा पुढे आले. "ह्यो म्हातारा मीच हाय. पर ही बया कोण, ती मला ठावं न्हाय. हिच्या हाताला पीठ बी न्हाय!"

आजूबाजूचे लोक हसले. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत विशाल आला. तो प्रदर्शन बघायला आलेला नव्हता. त्याच्या मुठीत कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड होतं. माझ्यावरचा आपला चेहरा आणि आपलं नाव खरवडून काढायचं, मग कोण काय म्हणायचं ते म्हणो, असं ठरवून तो कॉलेजातून निघाला होता. तो माझ्यापुढे उभा राहिला. चेहरा शोधू लागला. चेहरा नव्हताच.

"माझं चित्र कुठं गेलं?"

"मी न्हाय केलं, दादा," दिपाली म्हणाली. "मी आत्ताच बघितलं."

सर्जेरावसरांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि आवाज खाली आणला. "अरे, तुझ्याच भल्यासाठी केलं. तुझी लाज झाकली आम्ही."

विशालने तो हात झटकला.

"लाज? कसली लाज?" त्याचा आवाज हॉलभर गेला. "दीड महिना रोज सकाळी अकरा भाकऱ्या थापल्या मी. ह्यो बगा हात, ह्यो बगा चटका! ती भाकरी खाऊन ही तुमच्या शाळंत येत व्हती. तुमच्याच! ती लाज हाय व्हय?"

सर काही बोलायच्या आत त्याने त्या हसऱ्या बाईच्या खांद्यापाशी नख घातलं आणि ओढलं. डिंक पक्का बसला होता. टर्रकन आवाज झाला. जाहिरात निघाली, पण तिच्याबरोबर माझं कातडंही निघालं; विशालचा अर्धा चेहरा आणि एक हात त्या कागदाला चिकटून गेला. उरला तो अर्धा चेहरा, एक हात आणि परात. खालचं नाव मात्र शाबूत राहिलं.

दुखलं मला. पण गुरुवारपासून पहिल्यांदा श्वास घेतला.

दिपालीने भावाच्या मुठीकडे पाहिलं. "दादा, ते ब्लेड दे." त्याने दिलं. ती टाचा उंचावून उभी राहिली आणि लाल शाईचा 'मुलींनो' हा शब्द तिने खरवडून काढला. एकेक अक्षर. घाई न करता.

"दादा, मी खोटं बोलले व्हते तुला," ती खरवडता खरवडताच म्हणाली.

"व्हय. त्याचा राग हायच," विशाल म्हणाला. "पर ह्याचा जास्त हाय."

सर्जेरावसर लालबुंद झाले होते. "शाळेची वस्तू फाडली! सगळ्यांसमोर!" त्यांनी दिपालीचं मनगट धरलं. आबांनी त्या हातावर आपला हात ठेवला, मेंढरांची शिंगं धरून धरून राठ झालेला. "सोडा, मास्तर." सरांनी सोडलं.

आता बक्षीस मिळालं असेल, असं तुम्हाला वाटत असेल. नाही मिळालं! त्या परीक्षक बाईंनी सगळं ऐकलं होतं, सगळं त्यांना समजलं होतं. त्या हळूच म्हणाल्या, "बाळ, फाटलेला तक्ता गुणांना धरता येत नाही. तसा नियम आहे." मग वहीत काहीतरी लिहून पुढच्या तक्त्याकडे गेल्या. त्यांचे डोळे ओले होते, असं दिपाली अजून सांगते. असतील. ओल्या डोळ्यांनी त्यांनी मला बादच केलं.

त्या संध्याकाळी घरी जे झालं, ते मी डोळ्यांनी पाहिल्यासारखं आहे, इतक्यांदा आबा ते सांगतात. विशालने आल्या आल्या पीठ घेतलं. संध्याकाळची पाळी दिपालीची होती, तरी. मोहनराव जेवायला बसले. आबांनी हॉलमधली सगळी हकिगत सांगितली आणि शेवटी म्हणाले, "मास्तर म्हनला, तुजी लाज झाकली."

मोहनरावांच्या हातातला घास तसाच राहिला. "लाज? माझ्या पोराची लाज झाकणारा त्यो कोण?"

चुलीपाशी भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मोहनरावांनी घास खाली ठेवला.

"मी बी तेच म्हनलो व्हतो की," ते म्हणाले.

सोमवारी ते स्वतः दिपालीबरोबर शाळेत गेले. ऑफिसच्या दारात उभे राहून त्यांनी सरांना सांगितलं, "हिला वर्गात बसवा. आन् तक्ता द्या आमचा." सरांनी मुलीला बसवलं; तिचं नाव पटावर होतं, नाही म्हणायला कारण नव्हतं. मला मात्र दिलं नाही. तक्ता प्रदर्शनाला गेला म्हणजे शाळेचा झाला, म्हणाले. डेअरीवर पुन्हा कुणीतरी सुनेची चौकशी केली, तेव्हा मोहनराव म्हणाले, "बरी हाय. तुमच्यात बी एक पोरगा हाय न्हवं? धाडा सकाळी, आबा शिकवतील." त्यानंतर तिथे तो विषय निघाला नाही.

आणि मी? मला सामानाच्या खोलीत फेकलं. मोडके बाक, फुटका तबला, गंजलेल्या लेझिमा, त्यांच्यामागे मी. दोन वर्षं! उंदरांनी माझ्या कडेची ज्वारी खाल्ली, डाळ खाल्ली, दाण्यांबरोबर कडा कुरतडल्या. पावसाळ्यात ओल लागून निळं शीर्षक फुटलं. ज्या शाळेच्या भिंतीवर 'स्वच्छता राखा' असं हातभर अक्षरांत रंगवलं होतं, तिथे ही माझी गत. एकदा संजीवनीबाई खडूचा खोका न्यायला आल्या आणि माझ्यापाशी थबकल्या. "नोकरी कायम नव्हती गं माझी," असं पुटपुटल्या. समोर कुणी नव्हतं. मग खोका घेऊन गेल्या. दार पुन्हा बंद.

१९९९ च्या फेब्रुवारीत दहावीच्या मुलांचा निरोप समारंभ झाला. सगळे खाऊ खात असताना दिपाली बाईंकडे गेली आणि म्हणाली, "बाई, माझा तक्ता पाहिजे." बाईंची नोकरी आता कायम झाली होती. त्यांनी कुणाला विचारलं नाही. किल्ली आणली, दार उघडलं, बाक सरकवले आणि मला बाहेर काढून पदराने पुसलं.

"दिपाली, सरांनी सांगितलं होतं, पण चिकटवलं मी. ते हात माझे होते."

"ठाऊक आहे बाई," दिपाली म्हणाली. "लाल शाईतलं अक्षर ओळखलं होतं मी. तेव्हाच."

दोन वर्षं ती त्याच बाईंच्या वर्गात पहिल्या बाकावर बसली होती. बाईंनी मान खाली घातली. दिपालीने त्यांना नमस्कार केला आणि ती निघाली. तिने माफ केलं की नाही, ते मला माहीत नाही. मी केलेलं नाही.

त्या दिवसापासून मी ह्या घरात आहे. दिपाली दहावी पास होऊन आता बारामतीला शिकते. विशालही तिकडेच कामाला असतो. खोलीवर तोच स्वयंपाक करतो, आणि त्याचे दोन मित्र शिकायला बसतात म्हणे. सुट्टीला घरी आला की पहिल्या सकाळची परात त्याची. फुलाबाई डाव्या हाताने फोडणी द्यायला शिकल्या आहेत. आबा थकले. मोहनराव अजून भाकरी करत नाहीत, मी खोटं सांगणार नाही. पण आपलं ताट आपण घासतात.

मित्रांनो, आता माझ्यासारखे तक्ते शेवटी सांगतात, आम्हाला जपा, फाडू नका, धुळीत टाकू नका. ते सांगायचा मला कंटाळा आला आहे. कागद कधी ना कधी जाणारच. तुमच्या घरात रोज सकाळी कुणीतरी तुमच्याआधी उठतं, वाकतं, चटके सोसतं, त्या माणसाची काळजी घ्या. आज जेवायला बसाल तेव्हा ताट कुणी केलं ते विचारा आणि त्या माणसाचं नाव घ्या, मोठ्याने. आणि तुम्ही मुलगे असाल, हात धडधाकट असतील, तरी भाकरी येत नसेल, तर इथे उभं राहून माझ्याकडे नुसते बघत काय बसलात? डब्यात पीठ आहे. उठा, आधी हात धुवा.